आखाजीचा झोका आणि नानांची घंटी

सुरुवातीलाच सांगून टाकते, मी असल्या गोष्टी मानणाऱ्यातली नाही. धुळ्याला पोरांना वायरमनचा ट्रेड शिकवते. बोर्ड, मीटर, मोटारी, पंखे... निम्मं आयुष्य त्यातच गेलं. "मॅडम, आमच्या घरात काहीतरी आहे हो, एकदा बघून जा" असं म्हणून मला किती जणांनी नेलं असेल! कुठे दिवा आपोआप लागतो, कुठे भिंत शॉक देते, कुठे पंखा मध्येच थांबतो. निघालं काय? कुठे न्यूट्रल लूज, कुठे ओल, आणि बहुतेक ठिकाणी उंदीर. आमच्या वर्गात माझं एक वाक्य पोरांना पाठ आहे — आधी अर्थिंग तपासा, मग अंगारा लावा. तर अशी मी. आणि आज मीच इथे लिहायला बसलेय. ओळखीतल्या कुणाला सांगायची सोय नाही, माझे विद्यार्थीच माझी टिंगल करतील. पण मनात ठेवूनही चालेना.

मी राहते धुळ्यातच, देवपूरला. माहेर चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी. घरी माझे वडील म्हणजे नाना, थोरला भाऊ आणि वहिनी. आई जाऊन बरीच वर्षं झाली. भावाची मुलगी लग्न होऊन सुरतेला गेलेली. घरात मला सगळे माई म्हणतात.

नाना म्हणजे आवाज! केळीच्या बागेच्या या टोकाला उभं राहून हाक मारली की त्या टोकाचा माणूस फावडं टाकून यायचा. फोनवर बोलायचे तर मी फोन हातभर लांब धरायची. म्हणायची, "नाना, फोन कशाला करता, गच्चीवर जाऊन नुसतं ओरडा, धुळ्याला ऐकू येईल." अशा माणसाला लकवा झाला, उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजायचं सगळं. डोळ्यांनी हसायचे, डोळ्यांनीच चिडायचे. पण आवाज म्हणून तोंडातून काही निघायचं नाही. मला तर ते बघवायचं नाही. मी पाठ फिरवून डोळे पुसायची आणि मग काहीतरी फालतू विनोद करायची.

भावाने आधी त्यांच्या हाताशी स्टीलचं ताट आणि चमचा ठेवला होता. वाजवा म्हणे. मला राग आला. म्हटलं, "आपला बाप आहे का वासुदेव?" आणि पुढच्याच सुट्टीत सामान घेऊन गेले.

आता थोडं तांत्रिक सांगते, कंटाळू नका, पुढे लागणार आहे. आपल्या घरात एका लाईनवर दहा गोष्टी असतात. कूलर सुरू झाला की दिवा डोळे मिचकावतो तो त्यामुळेच. पण काही गोष्टींना आपण स्वतंत्र लाईन देतो. एका टोकाला एकच वस्तू, दुसऱ्या टोकाला तिचं बटण, मध्ये जोड नाही, फाटा नाही, दुसरं कुणी त्यावर नाही. पुस्तकात डेडिकेटेड सर्किट म्हणतात. मी पोरांना सांगते, ही एकट्याची लाईन. तिच्यावर मोबाईलचा चार्जरसुद्धा लावायचा नाही.

नानांसाठी मी तशी लाईन ओढली. दवाखान्यात खाटेला लोंबतं तसं बटण त्यांच्या डाव्या अंगठ्याखाली आणि स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक खणखणीत घंटी. आमच्याकडे लाईट कधी जाईल नेम नाही, म्हणून तिला वेगळी छोटी बॅटरी दिली. नानांची खोली समोर, स्वयंपाकघर मागे, मध्ये लांबलचक ओसरी. ओसरीवरच्या स्लॅबमध्ये भावाने बांधकामाच्या वेळी एक रिकामा पाईप टाकून ठेवला होता. त्यातून दोन तारा ओढल्या, एकसलग, कुठेही जोड न देता. बिनतारी घंटी मिळते हे मलाही माहीत आहे. पण बापाच्या आवाजाचा भरवसा मी असल्या खेळण्यावर ठेवणार नव्हते.

मग काय विचारता! एकदा वाजवली की पाणी, दोनदा म्हणजे इकडे ये, आणि लांबलचक वाजवली की नाना नुसते खोडी काढतायत. वहिनी फोनवर तिच्या बहिणीशी गप्पा मारत बसली की हमखास लांबलचक वाजायची. वहिनी हातातलं टाकून, "उनू नाना, उनू!" म्हणजे आले, आले, असं ओरडत जायची. सुनेने सासऱ्याची इतकी सेवा केलेली मी पाहिली नाही. अंघोळ, जेवण, अंथरूण... सगळं तिने केलं. लेक म्हणून मी येऊन-जाऊन, चार दिवसांची पाहुणी. खरं ते खरं.

यंदाच्या आखाजीला मी माहेरी गेले. खान्देशाबाहेरच्यांना सांगते, आमच्याकडे अक्षय तृतीयेला आखाजी म्हणतात आणि तो लेकींचा सण. लेक माहेरी येणार, सांजोऱ्या होणार आणि तिच्यासाठी झोका बांधणार म्हणजे बांधणार. लेक पन्नाशीची असली तरी. आमचा झोका दारातल्या निंबाला असायचा. तो निंब मागच्या वादळात पडला. नानांनी म्हणे सणाच्या आधीपासूनच भावाला खुणा करून भंडावलं होतं. हात असा पुढे-मागे, पुढे-मागे. झोका कुठाय? शेवटी भावाने ड्रिल आणलं आणि ओसरीच्या स्लॅबला झोक्याची कडी ठोकली. मी गेले तेव्हा झोका तयार होता. नानांची खाट दाराशी ओढून घेतली आणि मी आपली पिकले केस घेऊन झोक्यावर बसले. नाना डोळ्यांनी हसत होते. इतके हसत होते की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

त्याच मुक्कामातली एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. दुपारी मी नानांच्या खाटेवर बसून त्यांची नखं काढत होते. गल्लीत पोरींची आखाजीची गाणी चालली होती. नानांनी अंगठ्याने बटण दाबलं, एकदाच. माझ्या डोळ्यांदेखत. थोड्या वेळात वहिनी पाण्याचा तांब्या घेऊन आत आली. "काय वं माई, तू बठेल शे ना आठे, तरी नानाले मीच लागस!" मी इथे बसलेली असूनही नानांना तीच लागते म्हणून फुशारकी मारत होती. आम्ही हसलो. घंटीचा आवाज मी ऐकला का? नंतर मी स्वतःला हे किती वेळा विचारलं... मला वहिनी आलेली आठवते. तांब्या आठवतो. आवाज आठवत नाही. पण बाहेर गाणी होती, त्यामुळे तेव्हा मनातही आलं नाही. लाईन तपासायचं तर काहीच कारण नव्हतं. चालू कामाला हात लावायचा नाही, हा आमच्या धंद्याचा नियमच आहे.

नाना गेले श्रावणात, कानबाईच्या विसर्जनाच्या दिवशी.

मी तेव्हा धुळ्याला होते, पोरांच्या परीक्षा चालू होत्या. कानबाई म्हणजे आमची खान्देशातली देवी, तिच्या सणाला सगळे भाऊबंद घरात, रोटांचा नैवेद्य, गाणी, जागरण. सकाळी विसर्जनाला सगळे नदीवर निघाले. नानांपाशी कुणीतरी हवं म्हणून वहिनी मागे थांबली. ढोल आमच्या दारासमोर बराच वेळ वाजत होता. वहिनी स्वयंपाकघरात, परत येणाऱ्यांसाठी चहाचं आधण ठेवत होती. मिरवणूक पुढे गेल्यावर ती नानांचा चहा घेऊन गेली, तर नाना गेलेले. चेहरा शांत. अंगठा बटणावर.

आता, अंगठा बटणावर कायमच असायचा. झोपेतसुद्धा. सगळ्यांनी वहिनीला हेच सांगितलं. डॉक्टरांनीही सांगितलं की झोपेत गेले, काही कळलं नसेल. पण तिच्या मनाने घेतलं ते घेतलंच.

"नानास्नी घंटी दाबी व्हई, माई. ढोल वाजी ऱ्हायनता. माले ऐकूच उनी नही." मी पोचल्याबरोबर माझ्या गळ्यात पडून तिने हेच सांगितलं. नंतरही तेच. नानांनी बोलावलं असेल, आपल्याला ऐकू आलं नाही, ते बोलावत बोलावत गेले. याच्यापुढे तिचं मन जाईना.

तेरावं झालं, पाहुणे पांगले. वहिनी स्वयंपाकघरात घंटीखाली पाट मांडून बसायची. जेवण नाही. भाऊ दूध पाजायचा ते कसंबसं प्यायची. मिक्सर लावू द्यायची नाही, टीव्ही लावू द्यायची नाही. कुणी बोलायला लागलं की हात वर करायची, थांब, ऐकू दे. अहो, ज्या बाईचं हसणं गल्लीच्या तोंडापर्यंत ऐकू यायचं ती बाई! मी दर सुट्टीला जायची, तर आठवड्या-आठवड्याने अंगावरचा ब्लाऊज ढिला होत चाललेला. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "माई, नाना गया. आते हाई बी जाई." नाना गेले, आता हीसुद्धा जाईल... आणि एवढा दांडगा माणूस तोंडात उपरणं कोंबून रडला.

मी म्हटलं रडून काय होणार, काहीतरी करू. मला वाटलं, माझ्या हातात उपाय आहे. मी घंटी मुद्दाम मोठ्या आवाजाची निवडली होती. ढोलाच्या आवाजातही ती ऐकू येते असं वहिनीला दाखवून दिलं की झालं. ऐकू आली असती, आली नाही, म्हणजे नानांनी वाजवलीच नाही. सरळ हिशेब. दुपारी वहिनीला पाटावर बसवलं, भावाला ओसरीत पत्र्याचा डबा बडवायला उभं केलं, म्हटलं जोरात बडव, लाजू नको. आणि नानांच्या खोलीत जाऊन बटण दाबलं.

भावाने बडवणं थांबवलं. "दाब ना!"

"दाबतेय की!"

काही नाही. पुन्हा दाबलं. नाही. पळत स्वयंपाकघरात गेले. बॅटरी तपासली, ठणठणीत. घंटीला बॅटरीची तार सरळ लावली, तर एवढी मोठ्याने वाजली की वहिनी दचकून उभी राहिली आणि नानांच्या खोलीकडे धावत सुटली. मीच तिला दारात धरलं. तो प्रसंग मला आयुष्यभर पुरेल. माझ्यासारख्या मूर्ख बाईला आधी तिला सांगायचं सुचलं नाही.

बटण ठीक. घंटी ठीक. राहिली तार. मी स्टुलावर चढून स्वयंपाकघराकडचं तारेचं टोक धरलं आणि सहज ओढून बघितलं... तार हातात आली. पाईपमधून सुळकन बाहेर. नानांच्या खोलीकडून ओढली, तिकडचाही तुकडा निघून आला. दोन्ही तुकडे ओसरीच्या फरशीवर सरळ मांडले. जिथे त्यांची टोकं भेटत होती तिथून वर बघितलं, तर डोक्यावर आखाजीची कडी.

भावाचं ड्रिल पाईपमध्ये घुसलं होतं. दोन्ही तारा साफ तुटलेल्या. आणि टोकं आत्ता तुटलेली नव्हती, त्यांच्यावर हिरवट काळं चढलेलं. नवं तांबं कसं दिसतं आणि महिनोन्महिने उघडं पडलेलं कसं दिसतं, हे मला कुणी शिकवायला नको. वहिनी दाराला धरून उभी होती, तीच म्हणाली, "कडी ठोकनात त्या दिन घंटी एक खेप वाजनी व्हती. मी गयी, तं नाना मान हलावस, नही म्हने." बरोबर! ड्रिलचं पातं दोन्ही तारांना टेकलं, घंटी क्षणभर वाजली आणि तुटली. नाना मान हलवून सांगत होते, मी नाही वाजवली. सगळं तंतोतंत जुळत होतं.

भावाने वर कडीकडे बघितलं. "मन्हाघाई व्हयनं का हाई बठ्ठं?" माझ्यामुळे झालं का हे सगळं... माझ्याही डोक्यात तेच आलं. म्हणजे नानांनी दाबलं असेल तर? दाबून दाबून अंगठा दुखला असेल तर? घंटी वाजणं शक्यच नव्हतं. ढोल असता काय, नसता काय! मी वहिनीचं दुःख काढायला गेले आणि भावाच्याही गळ्यात तेच बांधून ठेवलं. आणि ती कडी माझ्या झोक्यासाठी. देवा रे! त्या क्षणी मला तो निंब, ते वादळ, माझं माहेरी येणं, सगळ्याचा राग आला.

आणि मग मला नानांची नखं आठवली. तांब्या आठवला.

मी वहिनीला विचारलं, "वहिनी, आखाजीनंतर घंटी वाजत होती?"

मला वेड लागल्यासारखी ती माझ्याकडे बघायला लागली. "काय बोलस माई? रोज वाजे ना ती."

"नाही गं, नीट आठव. तू आपणहून जायचीस का? वेळ झाली म्हणून?"

"वाजे," ती म्हणाली. पाणी हवं असलं की एकदा, ये म्हणायचं असलं की दोनदा. एकदा बहिणीचा फोन चालू होता तर केवढी लांब वाजवली, म्हणून आपण नानांना रागावलो आणि ते डोळ्यांनीच हसले. आषाढातली गोष्ट म्हणाली. मी भावाकडे बघितलं. तो म्हणाला, मी दिवसभर बागेत, पण सकाळ-संध्याकाळ मीही हिला उठून जाताना बघितलंय. "आवाज ऐकलास?" म्हटलं. त्यालाही वहिनी उठलेली आठवत होती. आवाज सांगता येईना.

कमेंटमध्ये कुणी लिहिण्याआधी मीच लिहिते. कडीच्या लोखंडातून जोड मिळत असेल? नाही. तसा मिळाला असता तर घंटी सतत वाजत राहिली असती, बटण दाबायची गरजच नाही. शेजारची घंटी? आमच्या गल्लीत दार ढकलून आत येतात. सवय? सवयीने माणूस वेळेवर जातो, नखं काढताना मध्येच एकदा बटण दाबलं तर पाणीच घेऊन कसा येईल? खाट करकरली असेल म्हणावं तर मध्ये अख्खी ओसरी आणि बाहेर पोरींची गाणी. मी सगळं घासून बघितलंय. मला उत्तर सापडलेलं नाही.

पण त्या दुपारी मला उत्तर नको होतं. समोर वहिनी उभी होती, हाडांचा सापळा झालेली. मी ते तारेचे दोन तुकडे तिच्या हातात दिले.

"वहिनी, ही लाईन आखाजीपासून मेलेली होती. ही बघ. तरीसुद्धा नानांनी बोलावलं की तुला ऐकू यायचं. ढोल काय चीज आहे? मध्ये तारच नव्हती तेव्हा ऐकू आलं तुला. मग त्या दिवशी वाजली का?"

तिने तुटलेली टोकं एकमेकांना लावून बघितली. मग हळूच म्हणाली, "नही. त्या दिन नही वाजनी."

"मग त्यांनी बोलावलंच नाही."

मी हे बोलले. मी, वायरमनच्या पोरांना अर्थिंग शिकवणारी! आणि खोटी समजूत म्हणून नाही बोलले, मला त्या घडीला ते तारेसारखं सरळ दिसत होतं. वहिनी खाली बसली आणि रडली. आतापर्यंत ती कोरडी होती, हे मला तेव्हा कळलं. भाऊही रडला, मीही रडले, ओसरीत त्या कडीखाली आम्ही तिघं. मग वहिनीने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, नाना रोज या वेळी चहा मागायचे. उठली, चहा केला, आम्हाला दिला आणि स्वतः कपात भाकरीचा तुकडा बुडवून खाल्ला. त्या दिवसापासून ती जेवते. हसणं अजून गल्लीपर्यंत जात नाही, पण ओट्याशी गुणगुणते. मिक्सरही लावते.

लाईन मी पुन्हा जोडली नाही. कडी तशीच आहे, भाऊ काढू देत नाही. घंटी ओट्यावर आहे. त्या दुपारी मी वाजवली ती सोडली, तर नाना गेल्यापासून ती एकदाही वाजलेली नाही असं वहिनी सांगते, आणि तिच्या कानांवर माझा आता माझ्या मीटरपेक्षा जास्त भरवसा आहे.

वर्गात परवा स्वतंत्र लाईनचा धडा आला. नेहमीसारखं फळ्यावर काढलं, एका टोकाला बटण, दुसऱ्या टोकाला घंटी, मध्ये दुसरं कुणी नाही. एका पोराने विचारलं, "मॅडम, मधली तार काढली तर?" मी म्हटलं, नाही वाजणार. परीक्षेत हेच लिही. आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेले.

एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. संध्याकाळी देवपूरच्या घरी एकटी असले की मी पंखा बंद करते, फोन उशीखाली घालते आणि बसून राहते. त्या खणखणीत आवाजाच्या माणसाने एकदा, एकदाच मला बोलवावं म्हणून. पाणी मागावं, नाही तर लांबलचक वाजवून नुसती खोडी काढावी. काही येत नाही. येणार कसं? नानांची लाईन मीच ओढली होती, माझ्याच हाताने, आणि ती वहिनीपर्यंतच नेली होती.